लिलावाआधीची निवड: महाविद्यालयीन कबड्डीपटू, नोकरी आणि बोली

थ्रेड 🧵

१/ २०१४ च्या पावसाळ्यात सहा दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. २६ जुलैला मुंबईत वरळी येथे प्रो कबड्डी लीगचा पहिला सामना झाला. १ ऑगस्टला ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर जिल्हा अस्तित्वात आला. पहिली घटना देशाने दूरचित्रवाणीवर पाहिली. दुसरीचा कबड्डीशी काही संबंध असेल, असे फारसे कोणाला वाटले नसावे. परंतु चारोटीसारख्या गावातून महाविद्यालयात जाणाऱ्या खेळाडूचे भवितव्य समजून घ्यायचे, तर या दोन्ही तारखा शेजारी ठेवून वाचाव्या लागतात.

२/ चारोटी हा मुंबई–अहमदाबाद महामार्गावरचा नाका. पश्चिमेला डहाणू, पूर्वेला कासा आणि जव्हारकडे जाणारा रस्ता. येथून मुंबई शंभराहून अधिक किलोमीटर दूर आहे. या भागातल्या महाविद्यालयीन कबड्डीपटूपुढे आज प्रश्न असतो तो असा: पदवीनंतर खेळ पोट भरील काय? हा प्रश्न लीगने निर्माण केलेला नाही. तो जुनाच आहे. बदलली आहेत ती त्याची उत्तरे.

३/ आधी 'ड्राफ्ट' म्हणजे काय, ते पाहू. अमेरिकेत व्यावसायिक संघ महाविद्यालयीन खेळाडूंची निवड पाळीपाळीने करतात. आदल्या हंगामात तळाला राहिलेल्या संघाला आधी संधी मिळावी, हे त्यामागचे मूळ तत्त्व. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांनी ही कल्पना मांडली आणि १९३६ मध्ये अमेरिकन फुटबॉलचा पहिला ड्राफ्ट झाला. बास्केटबॉलमध्ये हीच पद्धत १९४७ मध्ये आली. लिलावात खेळाडूची किंमत बोलीने ठरते. ड्राफ्टमध्ये बोली नसते, पाळी असते.

४/ त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये सर्वप्रथम निवडला गेलेला खेळाडू होता शिकागो विद्यापीठाचा जे बरवॅंगर. तो व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. त्याने मागितलेले मानधन संघाला परवडले नाही आणि त्याने रबराच्या कंपनीत नोकरी धरली. त्या वर्षी निवडलेल्या ८१ जणांपैकी निम्म्याहून अधिक मैदानात उतरलेच नाहीत. कारण साधे होते. पदवीधराला बाहेर मिळणारी नोकरी खेळापेक्षा भरवशाची होती.

५/ म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूच्या हातात तराजू असतो. एका पारड्यात खेळाचा मोबदला, दुसऱ्यात नोकरी. महाराष्ट्राच्या कबड्डीचा इतिहास याच तराजूचा आहे. फरक इतकाच, की येथे अनेक दशके दोन्ही पारड्यांत एकच वस्तू होती. खेळाचा मोबदला म्हणजेच नोकरी.

६/ हुतूतूला नियमांच्या चौकटीत बसवण्याचे काम विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत सातारा, पुणे, बडोदा या परिसरात झाले. १९३८ मध्ये कलकत्त्याच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत हा खेळ आला. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. १९६१ मध्ये कबड्डीला विद्यापीठीय क्रीडा स्पर्धांत आणि १९६२ मध्ये शालेय स्पर्धांत स्थान मिळाले. शाळा, महाविद्यालय, विद्यापीठ अशी शिडी अशा रीतीने उभी राहिली. शिडीच्या शेवटच्या पायरीनंतर काय, याचे उत्तर मात्र महासंघाकडे नव्हते. पुढे त्याच्या नावातच 'हौशी' हा शब्द आला.

७/ ते उत्तर कचेऱ्यांनी दिले. मुंबईतल्या स्पर्धांची पत्रके पाहिली, तर पुरुषांच्या स्थानिक गटाच्या जोडीला 'व्यावसायिक गट' असा शब्द वाचायला मिळतो. या गटात रेल्वे, बँका, तेल कंपन्या, विमान कंपनी, मोटार कारखाने, पोलीस यांचे संघ उतरतात. येथे 'व्यावसायिक' याचा अर्थ खेळण्याचे पैसे घेणारा असा नाही. एखाद्या आस्थापनेत नोकरीला असून तिच्या वतीने खेळणारा, असा आहे.

८/ हा शब्द नीट लक्षात घेण्याजोगा आहे. महासंघ हौशी, गट व्यावसायिक, आणि खेळाडू महिन्याच्या पगारावर कारकून किंवा कामगार. वरवर विसंगत वाटणारी ही व्यवस्था आतून सुसंगत होती. खेळाडू सकाळी किंवा संध्याकाळी सराव करी, स्पर्धेसाठी रजा मिळवी, आणि पाय निकामी झाला तरी मेजावरची खुर्ची शाबूत राही. गुडघ्यावर ज्याची रोजीरोटी अवलंबून, त्याच्यासाठी हा विमाच होता.

९/ कचेरीच्या संघात शिरण्याची वाट म्हणजेच महाराष्ट्राचा जुना ड्राफ्ट. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, विद्यापीठाचा संघ, जिल्ह्याचा संघ, राज्याचा संघ. यांपैकी कोठेतरी नजरेत भरलेल्या मुलाला क्रीडा कोट्यातून चाचणीचे बोलावणे येई. रेल्वेचे क्रीडा मंडळ तर १९२८ पासूनचे. राज्य शासनाने ३० एप्रिल २००५ च्या निर्णयाने शासकीय सेवेत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण ठेवले, तेव्हा या जुन्या व्यवहाराला सरकारी नियमाचे रूप मिळाले.

१०/ या व्यवस्थेचे गोडवे गाताना तिची मर्यादाही सांगायला हवी. तिची नजर मुंबईच्या आसपास फिरे. ज्याच्या मंडळाच्या अंगणात स्पर्धा, त्याचा खेळ अधिकाऱ्यांना दिसे. डहाणू रोडपर्यंत उपनगरी गाडी पोहोचली ती २०१३ मध्ये. चारोटीच्या मुलाला त्या गाडीसाठीही आधी डहाणू गाठावे लागे. शिवाय जागा मोजक्या. एकदा संघ भरला, की भरलेली जागा अनेक वर्षे रिकामी होत नसे.

११/ २० मे २०१४ रोजी मुंबईत प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला. सर्वाधिक बोली लागली राकेश कुमार यांच्यावर: १२ लाख ८० हजार रुपये, पाटणा पायरेट्सकडून. राकेश कुमार हे रेल्वेचे खेळाडू. लीगने त्या दिवशी जी गुणवत्ता विकत घेतली, ती घडवण्याचा खर्च आधीच कोणीतरी केलेला होता: रेल्वेने, सेनादलांनी, पोलिसांनी, सार्वजनिक कंपन्यांनी. अमेरिकेत जे काम विद्यापीठे करतात, ते भारतात मुख्यतः नोकरी देणाऱ्यांनी केले. म्हणून पहिल्या लिलावात महाविद्यालयीन खेळाडूला स्वतःचे असे स्थान नव्हते.

१२/ ते स्थान २०२२ मध्ये मिळाले. ५ व ६ ऑगस्टला मुंबईत झालेल्या नवव्या हंगामाच्या लिलावात पाचशेहून अधिक खेळाडूंची यादी होती. तिच्यात खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धेतल्या दोन अंतिम संघांचे २४ खेळाडू समाविष्ट केले गेले. विद्यापीठाच्या मैदानातून थेट लिलावाच्या यादीत जाणारा हा दरवाजा होता. त्याच्या काही आठवडे आधी 'अल्टिमेट खो-खो' या नव्या लीगने लिलावाऐवजी चक्क ड्राफ्ट घेतला. त्यात श्रेणीनुसार मानधन आधीच ठरलेले होते, ५ लाखांपासून १ लाखापर्यंत. सहा संघांनी त्यातून पाळीने निवड केली आणि त्या लीगचे सामने पुण्यात बालेवाडीला झाले.

१३/ दरवाजा उघडला, पण त्याची रुंदी मोजली पाहिजे. डहाणूच्या महाविद्यालयातल्या मुलाने आधी मुंबई विद्यापीठाच्या संघात यायचे. त्या संघाने विभागीय स्पर्धेतून पुढे जाऊन देशातल्या आघाडीच्या संघांत बसायचे. मग खेलो इंडियाच्या अंतिम फेरीपर्यंत जायचे. यांतल्या एका उपांत्य सामन्यात संघ हरला, तर त्यातला सर्वोत्तम चढाईपटूही या दरवाजाबाहेर राहतो. यादीत नाव आले, म्हणजे बोली लागलीच असेही नाही.

१४/ दुसरी वाट आहे 'न्यू यंग प्लेअर' या वर्गाची. लिलावाबाहेर तरुण खेळाडू हेरून संघ त्यांना घडवतात. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातला अस्लम इनामदार पुणेरी पलटणच्या अशाच तरुण फळीतून पुढे आला. २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि १ मार्च २०२४ रोजी त्याच्या नेतृत्वाखाली पलटणने लीगचे पहिले विजेतेपद मिळवले. महाराष्ट्राच्या ग्रामीण खेळाडूला ही वाट अधिक मानवते, असे दिसते. कारण तेथे आधी शिकवणे येते आणि भाव नंतर.

१५/ शिकवणे म्हणजे नेमके काय? मातीवर घडलेला पाय मॅटवर आणणे, हा त्यातला पहिला धडा. मातीत पाऊल रुतते आणि वळताना आधार देते. मॅटवर बूट पकड घेतो, वेग वाढतो आणि गुडघ्या-घोट्यावरचा ताण बदलतो. गावच्या मंडळाच्या मैदानावर अजिंक्य असलेला मुलगा मॅटवरच्या चाचणीत अवघडतो, तेव्हा कमतरता त्याच्या कौशल्यात असतेच असे नाही. ज्याच्या महाविद्यालयात मॅट आहे, तो चाचणीला एक पाऊल पुढे उभा असतो.

१६/ आता तराजूचे दुसरे पारडे. नवव्या हंगामात सर्वांत वरच्या श्रेणीची पायाभूत किंमत ३० लाख, सर्वांत खालची ६ लाख. खालच्या श्रेणीतलाही आकडा डहाणू तालुक्यातल्या घरासाठी लहान नाही. पण ती एका हंगामाची किंमत आहे. २०२० मध्ये साथीमुळे लीगचा हंगाम झालाच नाही. पुढचा सुरू व्हायला २०२१ चा डिसेंबर उजाडला. त्या काळात ज्याला नोकरी होती त्याचा पगार चालू होता, आणि ज्याचा आधार केवळ करार होता त्याला वाट पाहावी लागली.

१७/ मुलींच्या बाबतीत हे पारडे अधिकच एकांगी आहे. २०१६ मध्ये प्रो कबड्डीच्या जोडीने महिलांच्या तीन संघांची स्पर्धा झाली. मुंबईची अभिलाषा म्हात्रे त्यांतल्या एका संघाची कर्णधार होती. तो प्रयोग त्या लीगने पुढे चालवला नाही. अल्टिमेट खो-खोचे पहिले दोन्ही हंगामही पुरुषांचेच. म्हणून आजच्या महाविद्यालयीन मुलीसाठी प्रमुख ड्राफ्ट अजून तोच जुना आहे: रेल्वे, पोलीस, बँक, पाच टक्क्यांचे आरक्षण. तिच्यापुरता 'व्यावसायिक' या शब्दाचा जुना अर्थ अजून गेलेला नाही.

१८/ अशा स्थितीत चारोटीच्या खेळाडूला सर्वाधिक फरक कशाने पडतो? येथे १ ऑगस्ट २०१४ ही तारीख पुन्हा पुढे येते. कबड्डीचा संघ १२ जणांचा. एकत्र ठाणे जिल्हा असताना डहाणू-तलासरीच्या मुलाला त्या १२ जागांसाठी ठाणे, कल्याण, भिवंडी, वसई अशा सगळ्यांशी झुंजावे लागे. विभाजनानंतर आठ तालुक्यांच्या पालघरचा स्वतंत्र संघ राज्य स्पर्धेत उतरू लागला. वसई-विरारची शहरी मंडळे याही जिल्ह्यात आहेत, त्यामुळे स्पर्धा सोपी झाली असे म्हणता येत नाही. परंतु राज्य पातळीवर दिसण्याच्या १२ नव्या जागा निर्माण झाल्या.

१९/ राज्य स्पर्धेत दिसलेला खेळाडू एकाच वेळी तिघांच्या नजरेत येतो: राज्य संघाच्या निवड समितीच्या, कचेरी संघांच्या आणि लीगच्या हेरांच्या. लिलावाचा हातोडा शेवटी पडतो. त्याच्या कितीतरी आधी, जिल्ह्याच्या निवड चाचणीच्या दिवशी, कागदावर बारा नावे लिहिली जातात, आणि बहुसंख्य खेळाडूंचे भवितव्य तेथेच ठरते. त्या चाचणीची तारीख किती गावांत कळली, ती कोठे ठेवली, मातीवर घेतली की मॅटवर, जव्हार-मोखाड्याच्या मुलांना तेथे वेळेवर पोहोचता आले का, हे प्रश्न दूरचित्रवाणीवर येत नाहीत. लीगमधला आकडा किती वाढला यापेक्षा या प्रश्नांची उत्तरे अधिक सांगून जातात.

२०/ बरवॅंगरने १९३६ मध्ये नोकरी निवडली, कारण त्याच्यापुढे दोन पर्याय होते. महाराष्ट्राच्या खेळाडूला दीर्घकाळ एकच पर्याय होता. आज निदान काही मुलांना दोन आहेत. लिलावाचे श्रेय तेवढे जरूर द्यावे. पण बोली लागण्याआधी कोणीतरी पाहावे लागते, आणि ते पाहणे जिल्ह्याच्या मैदानावर सुरू होते.

(समाप्त)