जॉनी ग्रीनवुड

जॉनी ग्रीनवुड (पूर्ण नाव: जोनाथन रिचर्ड गाय ग्रीनवुड, जन्म: ५ नोव्हेंबर १९७१, ऑक्सफर्ड) हे इंग्लिश गिटारवादक व संगीतकार आहेत. ‘रेडिओहेड’ या रॉक बँडचे प्रमुख गिटारवादक म्हणून त्यांना प्रसिद्धी मिळाली. पुढे चित्रपटांचे पार्श्वसंगीतकार म्हणूनही त्यांनी स्वतंत्र स्थान निर्माण केले.

प्रारंभिक जीवन

शालेय वयात ग्रीनवुड व्हायोला वाजवीत असत. वयाच्या पंधराव्या वर्षी त्यांनी फ्रेंच संगीतकार ऑलिव्हिए मेसियाँ यांची ‘तुरंगलीला’ ही सिंफनी ऐकली. तिचे नाव ‘तुरंग’ आणि ‘लीला’ या संस्कृत शब्दांपासून बनले आहे. तिच्यातील ‘ओंद मार्तनो’ या विद्युत्‌वाद्याचे त्यांना आकर्षण वाटू लागले. ॲबिंग्डन येथील शाळेत जमलेल्या बँडमध्ये त्यांचे थोरले बंधू कॉलिन बास गिटार वाजवीत. १९९१ मध्ये बँडचा ध्वनिमुद्रण कंपनीशी करार झाला आणि ग्रीनवुड यांनी महाविद्यालयीन शिक्षण सोडले.

रॉक संगीत

१९९२ मधील ‘क्रीप’ या गीतातील धृपदापूर्वीचे गिटारचे कर्कश आघात ही त्यांची पहिली ठळक ओळख ठरली. ‘किड ए’ (२०००) या अल्बममध्ये त्यांनी ओंद मार्तनो वाजवले व तंतुवाद्यांची संगीतरचनाही केली.

चित्रपट संगीत

‘बॉडीसाँग’ (२००३) हा माहितीपट त्यांचे या क्षेत्रातील पहिले काम होय. त्यानंतर बीबीसीसाठी त्यांनी ‘पॉपकॉर्न सुपरहेट रिसीव्हर’ ही तंतुवाद्यांची रचना केली. ती ऐकून दिग्दर्शक पॉल थॉमस अँडरसन यांनी ‘देअर विल बी ब्लड’ (२००७) चे संगीत त्यांच्याकडे सोपवले. या संगीतास बर्लिन महोत्सवात रौप्य अस्वल पुरस्कार मिळाला. तथापि, त्यात वरील रचनेसह पूर्वरचित संगीताचा अंतर्भाव असल्याने ते ऑस्करसाठी अपात्र ठरवण्यात आले. स्वतःच्याच जुन्या रचनेचा वापर केल्यास संगीताचे ‘मौलिकत्व’ उणावते काय, हा प्रश्न त्यामुळे चर्चेत आला. पुढे ‘फँटम थ्रेड’ (२०१७) व ‘द पॉवर ऑफ द डॉग’ (२०२१) या चित्रपटांसाठी त्यांना ऑस्कर नामांकने मिळाली. ‘द मास्टर’ (२०१२), ‘स्पेन्सर’ (२०२१) आणि ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ (२०२५) यांचे संगीतही त्यांचेच आहे.

भारताशी संबंध

इस्रायली संगीतकार शाय बेन त्सूर आणि राजस्थानी कलावंत यांच्यासह त्यांनी जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात ‘जुनून’ (२०१५) हा अल्बम ध्वनिमुद्रित केला. या ध्वनिमुद्रणावर अँडरसन यांनी त्याच नावाचा माहितीपट केला. त्यात ग्रीनवुड मुख्य नायक म्हणून नव्हे, तर इतर वादकांमधील एक म्हणून दिसतात.

शैली

रॉक गिटार पडद्यावर आणण्याऐवजी ग्रीनवुड यांनी विसाव्या शतकातील पाश्चात्त्य अभिजात संगीताचा वारसा चित्रपटात आणला. पोलिश संगीतकार क्षिश्तोफ पेंडेरेत्स्की यांचा प्रभाव त्यांच्या रचनांतील एकमेकांवर घसरत जाणाऱ्या स्वरांतून जाणवतो. गिटारवादकाची दृष्टी मात्र सुटलेली नाही: ‘द पॉवर ऑफ द डॉग’मध्ये त्यांनी चेलो गजाऐवजी बोटांनी, बँजोसारखा छेडून वाजवला आहे.