चांगल्या चाली कुणाच्या मालकीच्या?

नेरूळहून सीएसएमटीला जाताना मी मोबाइलमधली सगळी गाणी शफलवर टाकतो. वाशीच्या खाडीवर एकदा लॅरी नॉर्मनचं गाणं संपलं आणि पाठोपाठ नारायण वामन टिळकांचं भजन लागलं. गिटार गेली, पेटी आली, आणि कानाला काहीच खटकलं नाही. का खटकलं नाही, याचा माग काढताना ही कुळकथा हाती लागली.

ख्रिस्ती रॉकची रूढ कथा सगळ्यांना ठाऊक आहे. 1960 च्या दशकाच्या अखेरीस कॅलिफोर्नियातले हिप्पी येशूकडे वळले. 1969 साली नॉर्मनची 'अपॉन धिस रॉक' आली. मग लव्ह साँग, पेट्रा, रेझरेक्शन बँड. माझा जीव अजून या पहिल्या फळीतच अडकलेला आहे. नॉर्मनचा तो चिरका, हट्टी आवाज आणि रेझरेक्शन बँडच्या वेंडी कायझरचा घसा ताणून लावलेला सूर यांची सर पुढच्या गुळगुळीत रेकॉर्डिंगना आली नाही.

या पिढीचं ब्रीद एकच होतं: चांगल्या चाली सैतानाकडेच का राहाव्यात? नॉर्मनने 1972 मध्ये त्यावर गाणंच केलं. पण हे वाक्य मुळात कुणाचं? लोक मार्टिन ल्यूथरचं नाव घेतात. त्याच्या लिखाणात ते सापडत नाही. दुसरा दावेदार साल्व्हेशन आर्मीचा विल्यम बूथ. 1882 साली वूस्टरच्या सभेत 'शॅम्पेन चार्ली' या दारूच्या गाण्याच्या चालीवर भक्तिगीत ऐकून तो असं बोलला म्हणतात. पण 1881 साली छापलेल्या रोलंड हिल या लंडनच्या धर्मोपदेशकाच्या चरित्रात हेच म्हणणं आहे, आणि हिल 1833 सालीच वारले. माझं मत हिलच्या पारड्यात. बूथने ते वाक्य घडवलं नाही, गाजवलं.

त्याच 1882 च्या सप्टेंबरात बूथचे लोक मुंबईत उतरले. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर सरकारी नोकरी सोडून 'फकीर सिंग' झाला होता. रस्त्यावर वाजतगाजत मिरवणुका काढल्या म्हणून त्यांना अटकही झाली.

पण तोवर नगरकर पुढे निघून गेले होते. 1860 च्या दशकात अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं: तेच आख्यान, तोच टाळ, कथा बायबलची. त्याही आधी, 1616 साली, गोव्यात फादर स्टीफन्सचं 'ख्रिस्तपुराण' ओवीत छापलं गेलं होतं. पुढे टिळक आले. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. म्हणजे अभंग त्यांनी कुणाकडून उसना आणला नव्हता. बाप्तिस्मा घेताना तो घरातूनच सोबत आला होता.

इथेच बूथची गोष्ट वेगळी पडते. त्याने चाल दारूच्या गुत्त्यातून उचलली. नॉर्मनचंही तसंच, असा प्रतिपक्ष आहे: रॉक हे नाचघरांचं संगीत, ते देवळात ओढून आणलं. मला हे पटत नाही. कृष्णवर्णीय गायिका सिस्टर रोझेटा थार्प 1944 साली इलेक्ट्रिक गिटार घेऊन येशूची गाणी गात होती. एल्विसचं नावही तेव्हा कुणी ऐकलं नव्हतं. रॉकची नाळ कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्येच पुरलेली आहे. नॉर्मनने सैतानाकडून काही हिसकावलं नाही. घरचाच ठेवा घरी आणला. ज्या वाक्याने तो ओळखला जातो, तेच त्याला लागू पडत नाही.

म्हणून माझ्या वंशावळीत ख्रिस्ती रॉकचा मूळपुरुष बूथ नाही. तिथे थार्प हवी, आणि चुलतघराण्यात सांगळे आणि टिळक. उपासनेत गिटार चालेल का, यावर आजही घराघरांत वाद होतात. वाद्य कुठल्या बाजारातून आलं हे त्यात विचारलं जातं. माझ्या मते विचारायचं ते एवढंच: गाणाऱ्याच्या श्रद्धेची मातृभाषा कोणती? टिळकांची अभंगाची होती, नॉर्मनची रॉकची. दोघांनीही ती बदलली नाही, म्हणूनच त्यांची गाणी शेजारी लागली तरी एका कुळातली वाटतात.