धुराड्यातल्या वायूची गिऱ्हाइके

कारखान्यांतून वाया जाणारा कार्बन डायऑक्साइड पकडून कामाला लावायची कल्पना हवामानबदलाच्या काळजीतून जन्मली, असा सर्रास समज आहे. तिची कुळकथा मात्र बाजारातून सुरू होते. 1767 च्या सुमारास लीड्समध्ये जोसेफ प्रीस्टली बिअरच्या कारखान्याशेजारी राहत होता. आंबणाऱ्या पिंपांवर या वायूचा जड थर साचे. त्या थरात त्याने या भांड्यातले पाणी त्या भांड्यात ओतले आणि सोडावॉटर तयार झाले. 1930 मध्ये अमेरिकेत रॉबर्ट बॉटम्सने मिश्र वायूंतून कार्बन डायऑक्साइडसारखे आम्लधर्मी वायू वेगळे काढणाऱ्या अमाइन द्रावणाचे पेटंट घेतले. हे द्रावण थंड असताना वायू शोषते, तापवले की सोडते आणि पुन्हा वापरता येते. धुराड्यांवरच्या आजच्या कित्येक यंत्रणा याच तत्त्वावर चालतात. 1972 मध्ये टेक्सासमध्ये नैसर्गिक वायूतून वेगळा काढलेला कार्बन डायऑक्साइड जमिनीत सोडला गेला, तोही उरलेसुरले तेल वर यावे म्हणून.

गिऱ्हाईक असेल तरच वायू पकडायचा, हा व्यवहार आजही टिकून आहे. सगळ्यांत मोठे गिऱ्हाईक युरिया. नैसर्गिक वायूपासून अमोनिया करताना निघणारा कार्बन डायऑक्साइड त्याच अमोनियाशी जोडून युरिया बनतो. आपल्या ट्रॉम्बे आणि थळच्या खत कारखान्यांतही युरिया बनतो. 60 किलो युरियात 44 किलो वायू मुरतो. पण शेतात टाकलेला युरिया मातीतल्या विकरामुळे फुटतो आणि वायू पुन्हा हवेत जातो. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2019 च्या अहवालानुसार जगात वर्षाला सुमारे 23 कोटी टन कार्बन डायऑक्साइड वापरला जातो, त्यातला 13 कोटी टन युरियात. ऊर्जेपायी होणारे उत्सर्जन मात्र 3,000 कोटी टनांच्या वर आहे.

मग हा सगळा खटाटोप फुकटच का? तसे नाही. वायू पकडायचे तंत्र या गिऱ्हाइकांच्या पैशावरच पक्के झाले. पकडलेला वायू नव्या खनिज इंधनाची जागा घेत असेल, तर तेवढी बचतही खरी. काँक्रीटमध्ये सोडलेल्या वायूचे तर कॅल्शियम कार्बोनेट होते आणि तो तिथेच अडकून राहतो. पण सोड्याचा बुडबुडा आणि काँक्रीटमधला खडा यांना एकाच मापाने मोजणे ही धूळफेक आहे. सरकारी अनुदान द्यायचेच, तर किती टन वायू पकडला यापेक्षा तो किती वर्षे हवेबाहेर राहणार, हे पाहून द्यावे.