बोन्साय : कलाशिक्षणाची परंपरा

बोन्साय : उथळ कुंडीत वृक्ष वाढवून त्यास निसर्गातील वयोवृद्ध वृक्षाचे प्रमाणबद्ध रूप देण्याची जपानी कला. ‘बोन’ म्हणजे पसरट पात्र व ‘साय’ म्हणजे लावणे. बोन्सायसाठी निवडलेला वृक्ष बहुधा जातीने खुजा नसतो. मुळांची व फांद्यांची वेळोवेळी केलेली छाटणी आणि कुंडीतील मोजकी माती यांमुळे तो लहान राहतो. निगा थांबल्यास असा वृक्ष थोड्याच दिवसांत सुकू शकतो. ती अखंड चालल्यास तो शतकानुशतके जगतो. एका वृक्षाला अशा रीतीने अनेक पिढ्यांचे हात लागत असल्यामुळे या कलेच्या इतिहासात वृक्षांइतकेच महत्त्व विद्येच्या हस्तांतरणास आहे.

कुंडीत वृक्ष व खडक यांची मांडणी करण्याची प्रथा मूळची चीनमधील. थांग राजवंशातील राजपुत्र जांगह्वाय याच्या इ. स. ७०६ मधील थडग्याच्या भित्तिचित्रांत अशी तबके वाहून नेणारे सेवक दाखविलेले आहेत. जपानमध्ये १३०९ च्या सुमाराच्या ‘कासुगा गोंगेन गेंकी’ या चित्रगुंडाळीत कुंडीतील वृक्ष आढळतात. एदो कालखंडात (१६०३–१८६८) शोगुन, सरदार व पुढे सधन नागरिक यांच्यात हा छंद पसरला. तिसरा शोगुन तोकुगावा इएमित्सू (कार. १६२३–५१) याच्या संग्रहातील म्हणून ओळखला जाणारा एक पाइन वृक्ष टोकिओच्या राजवाड्यात आजही जोपासला जातो. राजधानीतील दांगोझाका परिसरात माळ्यांची घराणी नांदत होती. पित्याकडून पुत्राकडे व गुरूकडून शिष्याकडे ही विद्या मुख्यतः प्रत्यक्ष कामातूनच जाई.

१ सप्टेंबर १९२३ रोजी झालेल्या कांतो भूकंपाने टोकिओचा मोठा भाग उद्ध्वस्त केला. तेथील बोन्साय-व्यावसायिकांपैकी काहींनी मोकळी जागा, चांगले पाणी व स्वच्छ हवा यांच्या शोधात टोकिओच्या उत्तरेस ओमिया येथे १९२५ मध्ये वसाहत स्थापन केली. येथील रहिवाशाने किमान दहा बोन्साय बाळगावेत, फाटक सर्वांसाठी खुले ठेवावे, दुमजली घर बांधू नये आणि कुंपण जिवंत झुडपांचे करावे, असे नियम तेथे होते. ऊन व वारा यांचा विचार जसा त्यांत दिसतो, तसाच ही कला लोकांपुढे मांडण्याचा हेतूही दिसतो.

या रोपवाटिकांत शिक्षणाची जी पद्धत रूढ झाली, ती आपल्याकडील गुरुगृही राहून विद्या घेण्याच्या पद्धतीशी मिळतीजुळती आहे. शिष्य गुरूच्या घरी किंवा जवळपास राहतो आणि सामान्यतः पाच वा अधिक वर्षे उमेदवारी करतो. झाडलोट, तण काढणे व पाणी घालणे ही त्याची पहिली कामे. पाणी घालायला शिकण्यास तीन वर्षे लागतात, अशी या व्यवसायात म्हण आहे. त्यात अतिशयोक्ती कमीच आहे. कारण वृक्षाची जात, कुंडीची खोली, मातीचा कण, ऋतू आणि वारा यांनुसार प्रत्येक कुंडीची गरज निराळी असते व ती पाहूनच ओळखावी लागते. त्यानंतर कुंडी बदलणे, मुळे छाटणे व तार गुंडाळणे ही कामे येतात. तांब्याच्या तारेचा वापर विसाव्या शतकात रूढ झाला. तार सैल राहिल्यास फांदी वळत नाही आणि वेळेवर न काढल्यास ती सालीत रुतून कायमचा वण पडतो. काळ्या पाइनचे वसंतातील कोंब उन्हाळ्याच्या आरंभी कापले, की दुसऱ्या फुटीच्या सुया आखूड येतात. मात्र अशक्त झाडावर हाच प्रयोग घातक ठरतो. झाडाची ताकद ओळखण्याची ही नजर पुस्तकातून सहसा येत नाही. प्रख्यात कलावंत मासाहिको किमुरा (जन्म १९४०) यांनी पंधराव्या वर्षी ओमियातील मोतोसुके हामानो यांच्याकडे प्रवेश घेतला व तेथे अकरा वर्षे काढली.

टोकिओतील उएनो येथे १९३४ मध्ये ‘कोकुफू’ प्रदर्शनास प्रारंभ झाला आणि बोन्सायला कलादालनात स्थान मिळाले. दुसऱ्या महायुद्धात मात्र मनुष्यबळाअभावी अनेक बागा बंद पडल्या. युद्धोत्तर काळात विद्येचे दार परकीयांना उघडले. यूजी योशिमुरा यांनी १९५२ मध्ये टोकिओत परदेशी विद्यार्थ्यांसाठी वर्ग सुरू केले. जोव्हाना हालफर्ड यांच्यासह त्यांनी लिहिलेला इंग्रजी ग्रंथ १९५७ मध्ये प्रसिद्ध झाला. जपानी वंशाचे अमेरिकी कलावंत जॉन नाका यांच्या अध्यापनामुळे व ग्रंथांमुळे अमेरिकेत असंख्य हौशी लोक तयार झाले. परंपरागत उमेदवारीची जागा अशा रीतीने अंशतः वर्ग, प्रात्यक्षिके व पुस्तके यांनी घेतली. भारतातही हौशी मंडळींनी वड, पिंपळ, उंबर यांवर हे तंत्र आजमावले. मात्र उष्ण हवामानातील या वृक्षांसाठी पाणी व छाटणी यांची वेळापत्रके नव्याने बसवावी लागली.

अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या द्विशताब्दीनिमित्त जपानने १९७६ मध्ये ५३ बोन्साय भेट दिले. त्यांतील एक पांढरा पाइन मासारू यामाकी यांनी दिलेला होता. १६२५ पासून घडविला गेलेला हा वृक्ष ६ ऑगस्ट १९४५ रोजी हीरोशीमात, अणुस्फोटापासून सुमारे तीन किमी. अंतरावर, भिंतीच्या आडोशाने वाचला होता. ही हकीकत वॉशिंग्टनमधील वृक्षोद्यानास २००१ मध्ये, दात्याचे नातू तेथे आले तेव्हा कळली. तोवर पंचवीस वर्षे परक्या देशातील माळी, त्याचा इतिहास ठाऊक नसताही, त्याला पाणी घालीत होते.

ओमिया येथे १९८९ मध्ये जागतिक बोन्साय संमेलन भरले व २०१० मध्ये बोन्साय कलासंग्रहालय उघडले. युद्धापूर्वी तेथे तीसच्या आसपास असलेल्या रोपवाटिकांपैकी आता मोजक्याच उरल्या आहेत. जपानमधील गुरूंकडे परदेशी शिष्यही उमेदवारी करतात आणि शिक्षण संपल्यावर ही विद्या आपापल्या देशांत नेतात. संग्रहालय वृक्षाचे रूप लोकांना दाखवू शकते. परंतु त्याला पुढच्या शतकात नेण्यासाठी दररोज कुंडीपाशी उभा राहणारा शिकलेला माणूसच लागतो.