चित्रातली महाराणी

आज एका जपानी चित्राची गोष्ट सांगते.

हे चित्र १८८९ सालचं, योशू चिकानोबू या चित्रकाराचं. लाकडी ठशांनी कागदावर छापलेलं. चित्रकार रेखाटन करायचा, कारागीर ते लाकडावर कोरायचा आणि जवळपास प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा लागायचा. अशी चित्रं दुकानात स्वस्त मिळत. ज्यांना राजवाड्याच्या दारातही कोणी उभं केलं नसतं, त्यांना दरबार दिसला तो अशा चित्रांतून.

चित्रात टोकियोचा राजवाडा आहे. ११ फेब्रुवारी १८८९ रोजी तिथे सम्राट मेजी यांनी पंतप्रधान कुरोदा यांच्या हाती देशाची राज्यघटना दिली. समारंभाला महाराणी हारुको हजर होत्या, पाश्चात्त्य पद्धतीच्या झग्यात. चित्रकारानेही त्यांना दाखवलंय. बघणाऱ्या बाईला वाटावं, चला, आपलीही कोणीतरी तिथे आहे!

पण त्या कागदात बाईसाठी काय होतं? मत देण्याचा हक्क मिळाला तो वर्षाला १५ येन कर भरणाऱ्या, पंचविशीपुढच्या पुरुषांना. म्हणजे शंभर माणसांत जेमतेम एकाला. बाईला नाहीच. राजघराण्याचा कायदाही त्याच दिवशी ठरला: गादीवर फक्त पुरुष बसणार. त्याआधी जपानच्या गादीवर आठ स्त्रिया बसून गेल्या होत्या! पुढच्याच वर्षी, १८९० मध्ये, बायकांना राजकीय सभेला जायलाही बंदी झाली.

बायका गप्प होत्या म्हणून हे झालं, असं नाही बरं का. किशिदा तोशिको ही तरुणी याच महाराणींना चिनी ग्रंथ शिकवायची. दरबार सोडून ती गावोगाव स्त्रियांच्या हक्कांवर बोलू लागली. मुलींना पेटीत बंद करून वाढवू नका, असं १८८३ साली एका सभेत बोलली, तर तिला तुरुंगात टाकलं. सभाबंदीविरुद्ध बायका पुढेही झगडत राहिल्या. १९२२ साली सभेला जाण्याची मुभा मिळाली. मत द्यायला मात्र १० एप्रिल १९४६ उजाडावा लागला. त्या निवडणुकीत ३९ स्त्रिया निवडून आल्या.

म्हणजे महाराणी चित्रात दिसल्या, त्यानंतर सत्तावन्न वर्षांनी साध्या बाईच्या हाती मतपत्रिका आली.

तेव्हा मैत्रिणींनो, सभेच्या फोटोत बाई पुढच्या खुर्चीवर दिसली, तर आनंद जरूर माना. पण एवढं विचारा: ठराव लिहिताना तिला कोणी विचारलं होतं का?