प्रमाणश्रुती

प्रमाणश्रुती : भारतीय संगीतशास्त्रातील एक सूक्ष्म स्वरांतर. षड्जग्रामातील पंचम एका श्रुतीने उतरविला असता मध्यमग्राम होतो. या उतरणीस भरताने नाट्यशास्त्राच्या अठ्ठाविसाव्या अध्यायात ‘प्रमाणश्रुती’ म्हटले आहे. सारख्या जुळविलेल्या दोन वीणांवरील त्याचा प्रयोग प्रसिद्ध आहे. भरताने गुणोत्तर मात्र कोठेही दिलेले नाही. त्याची कसोटी कानाची व संवादाची आहे, हे पुढील वादांत पुष्कळदा विसरले गेले.

८१ : ८० हे मूल्य आधुनिक अभ्यासकांनी संवादतत्त्वावरून काढले. षड्जाची कंपने दर सेकंदास २४० मानल्यास त्याचा शुद्ध पंचम ३६० कंपनांचा येतो. त्रिश्रुतिक ऋषभ (१०/९) सुमारे २६६.६७ कंपनांचा असून त्याच्याशी षड्ज-मध्यमभावाने (४/३) जुळणारा पंचम सुमारे ३५५.५६ चा असतो. या दोन पंचमांतील अंतर ते प्रमाणश्रुती. पाश्चात्त्य संगीतशास्त्रात हेच अंतर डिडिमसच्या नावाने ओळखले जाते. समविभागी स्वरसप्तकात ते लोप पावते. तेथील गंधार सुमारे ३०२.३८ कंपनांचा, तर तंबोऱ्यातील स्वयंभू गंधाराच्या मेळाचा गंधार ३०० चा. म्हणून पेटीच्या साथीत हा स्वर कानास खुपतो.

महाराष्ट्रात या विषयास प्रयोगाची दिशा सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी दिली. अब्दुल करीम खाँ यांच्या गायनाच्या साहाय्याने स्वर मोजून त्यांनी १९१० मध्ये बावीस श्रुतींवरील आपला इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध केला. साताऱ्याचे जिल्हा न्यायाधीश अर्नेस्ट क्लेमंट्स यांच्या सहकार्याने श्रुतिपेटीही तयार झाली. पण १९१६ च्या बडोदा संगीत परिषदेत तिला मान्यता लाभली नाही. भातखंडे यांचा कल बारा स्वरांच्या व्यवहाराकडे होता. गायकाचा स्वर एकाच मोजणीने कायमचा ठरविता येत नाही, हा आक्षेप आजही निराधार म्हणता येणार नाही. पुढे १९४० मध्ये आकाशवाणीने पेटीची साथच बंद केली. हे निर्बंध १९७१ नंतर सैल झाले.

ठाण्याचे संवादिनीवादक डॉ. विद्याधर ओक यांनी एकविसाव्या शतकात बावीस श्रुतींची पेटी सिद्ध केली. तीत षड्ज व पंचम अचल असून उरलेल्या दहा स्वरांना प्रत्येकी दोन सूर आहेत. खुंटीने त्यांतील एक निवडता येतो. दहाही जोड्यांतील अंतर ८१ : ८० हेच आहे. उदा., गंधार ३०० किंवा ३०३.७५ कंपनांचा. निवड अर्थात राग सुरू करण्यापूर्वी करावी लागते; दरबारी कानड्यातील गंधाराचे आंदोलन पेटीस साधत नाही.