बोर्नच्या ओल्या कांचा

प्रवासांत उत्तम छायाचित्र घेण्याची कला सॅम्युएल बोर्न या इंग्रजानें हिमालयांत फार कष्टानें साधली. १८६३ सालीं तो हिंदुस्थानांत आला, तेव्हां कांचेला कलोडियनचा लेप देऊन, ती रौप्यक्षारांत भिजवून, ओली असतांच चित्र टिपावें व तेथेंच अंधारांत धुवावें लागे. पान हाललें कीं चित्र पुसट! म्हणून जागा आणि उजेड आधीं पारखावा, मगच अंधारखोलीचा तंबू उभारावा. तो तंबू, कांचा, रसायनें, सारें हमालांच्या पाठीवर चढे. श्रेय वांटतांना त्या पाठी विसरूं नयेत. १८६६ सालीं स्पितीच्या वाटेवरील मणिरंग खिंडींत, सुमारें १८,६०० फुटांवर, त्यानें अशाच कांचा तयार करून चित्रें घेतलीं. त्याहून उंचावर पुढें वीस वर्षें कोणीं कॅमेरा लावला नाहीं, असें सांगतात.